चार्ज देऊन घरी या

बाबा ड्यूटीवरून आले की आधी पायरीवर बसायचे. भिलाईच्या सेक्टरमधलं आमचं क्वार्टर तळमजल्याचं. पुढे दोन पायऱ्या, बाजूला तुळस आणि सायकल टेकवायची भिंत. सायकल लावायची, डब्याची पिशवी खाली ठेवायची आणि सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायला घ्यायच्या. आधी डावा, मग उजवा. नाड्या सोडायला असा कितीसा वेळ लागतो? बाबांना दहा मिनिटं लागायची. बूट निघाले की मोजे गुंडाळून बुटात खोचायचे, दोन्ही तळपाय थंड फरशीवर टेकवायचे आणि नुसतं बसून राहायचं. आम्ही भावंडं धावत पुढे निघालो की आई आतून हाक मारायची, "थांबा रे, बाबा बूट काढून राहिले."

तेव्हा वाटायचं, बाबा रागावलेत. पुढे माझी नोकरी सुरू झाली, दिवसभराची कटकट डोक्यात घेऊन मीही घरी यायला लागले, तेव्हा कुठे त्या पायरीचा अर्थ कळला. बाबांनी आयुष्यात 'ध्यान' हा शब्द फारसा उच्चारला नाही. पण रोज दहा मिनिटं ते जे करत होते, ते शिकायला मला पुढे बऱ्याच सतरंज्यांवर बसावं लागलं.

चार्ज म्हणजे काय

भिलाईकराला 'चार्ज' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून हे शहर तीन शिफ्टांत जगतं: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. झोतभट्टी म्हणजे पिठाची गिरणी नव्हे, की रात्री बटण बंद केलं आणि कुलूप घातलं. एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं चालती ठेवावी लागते. भट्टी थांबत नाही, म्हणून माणसं बदलतात. जाणारा येणाऱ्याला सांगतो: एवढं झालं, एवढं राहिलं, अमुक पंपाचा आवाज बरा नाही, लक्ष ठेव. लॉगबुकात नोंद होते. याला म्हणतात चार्ज देणं. तो दिला की पुढचे सोळा तास ते काम तुमच्या माथी नसतं.

आता स्वतःकडे बघा. ड्यूटी संपते, आपण गेटाबाहेर पडतो, पण मनातलं काम कुणाच्या हवाली केलेलं नसतं. समोर वरण-भात असतो आणि डोक्यात दुपारी कुणी तरी लावून बोललेला शब्द. मुलगी शाळेतली गंमत सांगत असते आणि आपण उद्याच्या मीटिंगमध्ये बसलेलो असतो. घरची काळजी घेऊन ड्यूटीवर जायचं, ड्यूटीची काळजी घेऊन घरी यायचं. मनाची शिफ्ट कधी बदलतच नाही. आपण ज्याला ताण म्हणतो, त्यातला बराचसा हा असा न दिलेला चार्ज असतो.

ध्यानाकडे मी याच अर्थाने बघते. एक काम संपून दुसरं सुरू होण्याआधी, मनात काय शिल्लक आहे ते बघणं, त्याची नोंद घेणं आणि ते खाली ठेवून पुढच्या कामाला हजर होणं. त्याला हिमालय लागत नाही. पायरी पुरते.

मन रिकामं होत नाही

नव्याने बसणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: "विचार थांबतच नाहीत हो." थांबणार नाहीत. भट्टीसारखंच आहे ते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेही हेच गाऱ्हाणं मांडलं आहे, की मन आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्याइतकं अवघड. श्रीकृष्ण त्याला खोडून काढत नाहीत. अवघड आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. ज्ञानेश्वरीत हा अध्याय घरोघरी वाचला गेला, पण 'अभ्यास' या शब्दावरून आपण पुष्कळदा घाईने पुढे जातो. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा करणं.

हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे सव्वादोन हजार लोकांना दिवसातून अधूनमधून मोबाइलवर विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि ते भटकत असताना माणसं कमी आनंदी होती. तेव्हा मन पळणं हा काही तुमच्या एकट्याचा दोष नाही.

म्हणून बसल्यावर मन वीस वेळा पळालं, तर वीस वेळा परत आणायचं. पळालेलं लक्षात येणं आणि परत येणं, एवढाच व्यायाम. दंडबैठकांत खाली जाणं जसं चुकीचं नसतं, तसंच इथे मन पळणं. 'आज ध्यान लागलंच नाही' असं म्हणून उठणारा माणूस बहुतेक वेळा उत्तम व्यायाम करून उठलेला असतो.

श्वासच का

जवळजवळ प्रत्येक परंपरेत सुरुवात श्वासापासून होते, याला शरीरातलं कारण आहे. हृदय, पचन, घाम यांच्यावर आपला थेट ताबा नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवून हळूही करता येतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना उतरते. उच्छ्वास लांबवला की मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत शरीराला 'धोका टळला' असा निरोप जातो. विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला की नाडी आणि रक्तदाब दोन्ही निवतात.

डॉ. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाने ध्यान करणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांची नाडी मंदावलेली आणि प्राणवायूचा वापर घटलेला दिसला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७५ मध्ये आलं. पुढे ते रुग्णांना सांगत, की आपापल्या श्रद्धेतला एखादा शब्द निवडा आणि श्वास सोडताना तो मनात म्हणा. आपल्या आज्या माळ ओढत नाम घ्यायच्या, त्यांना यात नवल वाटलं नसतं.

दहा मिनिटांची रीत

खाली दिलं आहे ते मी स्वतः करते आणि नवख्यांना सांगते.

१. जागा एकच ठेवा. खुर्ची, पलंगाची कड, गॅलरीतला स्टूल, काहीही. मांडी घातलीच पाहिजे असं नाही. गुडघे दुखत असतील तर मुळीच घालू नका. पाठ ताठ पण आखडलेली नको, तळपाय जमिनीला टेकलेले.

२. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा आणि मोबाइल पालथा ठेवा. मधे मधे 'किती झालं' बघायची सवय इथेच मोडते.

३. पहिली दोन मिनिटं नोंद घ्या. काय घेऊन बसलोय? मनातच नाव द्या: 'ड्यूटी', 'पैसे', 'आईचं दुखणं', 'राग'. एकेका शब्दात. सोडवायला जाऊ नका, लॉगबुकात लिहितात तशी फक्त नोंद. फार भरून आलं असेल तर खरोखर कागदावर चार शब्द लिहा आणि कागद घडी घालून बाजूला ठेवा.

४. पुढची सात मिनिटं श्वास मोजा. श्वास सोडताना मनात 'एक', पुढच्याला 'दोन', असं दहापर्यंत आणि पुन्हा एकपासून. तीनवरच गडबडलात तर तीन शोधत बसू नका, एकवर या. कधी लक्षात येईल की आकडा सतरावर गेलाय. हसा आणि एकवर या. आकड्याऐवजी नाम घ्यायचं असेल तर घ्या.

५. शेवटचं मिनिट आवाज ऐका. पंखा, शेजारचा कुकर, रस्त्यावरची स्कूटर. मग एकच प्रश्न: आता पुढे काय करायचंय? 'भाजी निवडायची', 'पोराबरोबर बसायचं'. उठा आणि तेच करा.

हे शेवटचं पाऊल बरेच जण गाळतात. चार्ज देण्याबरोबर घ्यायचाही असतो. ध्यानातून उठून सरळ मोबाइल उचलला, तर जे खाली ठेवलं तेच पुन्हा खांद्यावर येतं.

शिफ्टवाल्यांसाठी वेगळं गणित

पुस्तकं सांगतात: पहाटे चारला उठा, ब्राह्ममुहूर्त साधा. नाइटला गेलेला माणूस पहाटे चारला मशीनपाशी उभा असतो, त्याने काय करावं? आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या घरात घड्याळाला बांधलेला कुठलाच नेम टिकत नाही. मग चार दिवसांत नेम मोडतो आणि माणूस म्हणतो, हे आपल्याला जमणार नाही.

उपाय सोपा आहे: ध्यान वेळेला न बांधता कृतीला बांधा. बूट काढल्यावर. अंघोळीच्या आधी. डबा घासायला टाकल्यावर. शिफ्ट कुठलीही असो, बूट तर रोज काढावेच लागतात.

सहाच्या शिफ्टला निघताना वेळ नसतो. चहा गाळण्याआधी उभ्या उभ्या सहा लांब श्वास पुरेत. खरी बैठक दोननंतर घरी आल्यावर. दोनची शिफ्ट करून आलेल्याला अकरा वाजता डोक्यात कारखाना घेऊन अंथरुणावर पडावं लागतं. त्याने जेवणाआधी दहा मिनिटं बसावं, म्हणजे जेवणही लागतं आणि झोपही. नाइटहून आलेल्याने बसूच नये. खोलीत अंधार करून आडवं व्हावं आणि पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत तो सैल सोडावा. मधेच झोप लागली तर उत्तम. ध्यान ही झोपेची भरपाई नाही. सहा तासांची झोप बाकी असलेल्याने वीस मिनिटं डोळे मिटून बसणं म्हणजे कर्ज फेडायला उसनवारी करणं.

आणि एक पक्का नियम: मशीनजवळ, क्रेनखाली, गाडी चालवताना डोळे मिटायचे नाहीत, श्वासही मोजायचा नाही. तिथे समोरच्या कामावर पूर्ण नजर हेच ध्यान.

जिचा चार्ज घ्यायला कोणी नाही

शिफ्टची गोष्ट निघाली की घरातल्या बाईचा विचार मनात येतोच. भिलाईत विदर्भातून आलेली मराठी घरं पुष्कळ. १९५६ पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हाही नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, त्यामुळे येणंजाणं जुनंच. त्या घरांतल्या माझ्या आईच्या पिढीने तीन शिफ्टांचे डबे, मुलांच्या शाळा आणि येणारे पाहुणे एका हाती सांभाळले. तिची शिफ्ट सकाळच्या पाचला सुरू व्हायची. संपायची कधी?

अशा घरात 'तूही ध्यान करत जा' हा सल्ला म्हणजे आणखी एक काम. ध्यानाचं पुस्तक भेट देण्यापेक्षा तिच्याकडून खरोखरचा चार्ज घ्या. रोज पंधरा मिनिटं. गॅसवरचं दूध, दारावरची बेल, आजोबांचं औषध, सगळं तुमच्याकडे. तिने त्या वेळात श्वास मोजला काय आणि खिडकीतून गुलमोहर बघत बसली काय, तिची मर्जी. ज्यांना असं कुणी नाही त्यांनी दिवसातले सांधे हेरावेत: डबे गेल्यानंतरची शांतता आणि संध्याकाळी दिवा लावायची वेळ. निरांजन लावल्यावर दोन मिनिटं ज्योतीकडे बघत थांबणं आपल्या घरांत होतंच. त्या दोनाची पाच करा.

मुलांनाही हे लागू आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी भिलाईत लांबून मुलं येतात, आता इथे आयआयटीही आहे. गणिताचा पेपर सोडवून लगेच रसायनशास्त्र उघडणारा मुलगा अर्धा तास गणितातच असतो. दोन विषयांच्या मधे तीन मिनिटं, वही मिटून, दहा श्वास. पालकांनी फक्त एक पाळावं: त्या तीन मिनिटांत 'किती झालं?' विचारू नये.

कोणती पद्धत निवडावी

रोज दहा मिनिटं महिनाभर जमली की पुढे जावंसं वाटतं. आपल्याकडे वाटा पुष्कळ आहेत.

ब्रह्माकुमारींचा राजयोग उघड्या डोळ्यांनी करतात. डोळे मिटले की झोप येणाऱ्यांना तो सोयीचा. माउंट अबूला मुख्यालय असलेल्या या संस्थेचं केंद्र भिलाईतही आहे. त्यांची एक रीत मला फार आवडते: दिवसात ठरावीक वेळी गाणं लागतं आणि जो जिथे असेल तो काही क्षण हातातलं काम थांबवून शांत होतो. याला ते 'ट्रॅफिक कंट्रोल' म्हणतात. तुम्ही कुठल्याही पंथाचे असा, मोबाइलवर दिवसातून तीन वेळा मंद घंटी लावून हे घरी करता येतं.

विपश्यना शिकायची तर सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात सुरू केलेली दहा दिवसांची शिबिरं आहेत. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं मोठं केंद्र. पहिले तीन दिवस फक्त श्वासाचं भान. शिबिरात मौन आणि रोज पहाटे चारचा उठण्याचा टोला. शुल्क नसतं, शिबिर दानावर चालतं. पण घरी दहा मिनिटं न बसणाऱ्याने थेट दहा दिवस मौनात जाऊ नये.

देवाधर्मात मन रमत नसेल, तर अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी आखलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण लौकिक भाषेत आहे. आणि ज्यांच्या घरी हरिपाठ किंवा नामस्मरण चालत आलंय, त्यांनी बाहेर शोधायची गरजच काय? जे तोंडपाठ आहे ते सावकाश, एकेका शब्दावर थांबत म्हणा.

एकच वाट धरा आणि निदान चाळीस दिवस बदलू नका. 'तीन दिवसांत रोग बरा' म्हणणाऱ्याकडे आणि मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्याकडे पाठ फिरवा.

अडचणी येणारच

आवाजाचा त्रास होतो? मे महिन्यात दर खिडकीत कूलर घरघरतो, नवरात्रात दुर्गा मंडपाचे भोंगे. आवाजाशी भांडू नका. श्वासाऐवजी त्यालाच धरा: सुरू झाला, वाढला, थांबला. चिडचिड आवाजापेक्षा 'हा आत्ता नको होता' या विचाराने जास्त होते.

पाय बधिर होतो? हलवा. कंटाळा येतो? कंटाळ्याचीही नोंद घ्या. चार दिवस चुकले? पाचव्या दिवशी बसा, मागची बाकी भरून काढू नका.

पण काही गोष्टी थट्टेवारी नेऊ नयेत. काहींना डोळे मिटल्यावर जुना आघात अंगावर येतो, छाती धडधडते, भीती वाढते. असं झालं तर डोळे उघडा, उठून चाला आणि पुन्हा एकट्याने बसू नका. पूर्वी गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबच्या शिबिराला जाऊ नका. रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची गोळी 'आता मी ध्यान करतो' म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ध्यानाच्या आधी माणूस शोधा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो आणि फोन करायला पैसे पडत नाहीत.

जमतंय हे कशावरून ओळखावं

प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, असल्या खुणा शोधू नका. घरातल्या खुणा बघा. मुलाच्या हातून दूध सांडलं आणि ओरडण्याआधी एक श्वासाचं अंतर पडलं. जेवणात मीठ कमी आहे हे पहिल्या घासाला कळलं, म्हणजे तुम्ही ताटापाशी होतात. कुणी लावून बोललं आणि ते रात्रीपर्यंत टिकलं नाही, संध्याकाळीच विरलं. समतोल म्हणजे कधीच न ढळणं, हे मला आजवर कुणात दिसलं नाही. ढळल्यावर लवकर सावरणारी माणसं मात्र पाहिली आहेत. तुमच्यात फरक पडला की नाही, हे तुमच्याआधी घरच्यांना कळतं. महिन्याने त्यांनाच विचारा.

बाबा रिटायर झाले त्यानंतरचे दोन-तीन महिने वाईट गेले. वेळ होता, ड्यूटी नव्हती, आणि तरी ते कुठल्याशा घाईत असल्यासारखे घरभर फिरायचे, वर्तमानपत्रावरून आईशी वाद घालायचे. मग एका दुपारी, दोनच्या सुमारास, ते आपणहून पायरीवर जाऊन बसले. पायात बूट नव्हतेच. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तळपाय फरशीवर टेकवले. आई दारात येऊन थोडा वेळ बघत राहिली.

"आता कोणाले चार्ज देऊन राहिले?" तिने विचारलं.

बाबांनी वळून पाहिलं नाही. "देऊन नाही राहिलो," ते म्हणाले, "घेऊन राहिलो."